हसणाऱ्यांच्या साक्षी

आमचं कापडाचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालकांचं, पण इतकी वर्षं झाली की आता तोंडात आमचंच येतं. मूळ दुकान लातूरला, शाखा नांदेडला. मी लातूरला गल्ल्यावर बसायला लागले आणि पुढे माणसांचं काम माझ्याकडे आलं. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाची रजा, कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळं. दोन्ही दुकानांत मला अक्का म्हणतात. मालकांना सगळे अप्पा म्हणतात.

कायद्यानं बायकांसाठी तक्रार समिती नेमावी लागते, तशी आमच्याकडेही नेमलेली आहे. तिची अध्यक्ष मी. दोन्ही दुकानांत जिन्याजवळ एक फलक लावलाय, त्यावर माझा मोबाईल नंबर आहे. त्या नंबरावर फोन येतात ते बहुतेक रजेसाठी किंवा पगाराच्या उचलीसाठी. त्या दिवशी दुपारी मी डबा उघडून बसले होते आणि नांदेडहून एका बाईचा फोन आला.

"अक्का, मी बस्त्याच्या गादीवरची बोलून राहिले. नांदेडहून."

मी तिला ओळखत होते. लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडून माणसं येतात, दहा-पंधरा जणांचा घोळका, नवरीकडचे, नवऱ्याकडचे, आजी, मामा, काकू. त्यांच्यापुढे शालूपासून आहेराच्या साड्यांपर्यंत मांडत बसायचं, कोणी रुसलं तर समजूत काढायची आणि बस्ता मोडू न देता बांधून द्यायचा. हे सगळ्यांना जमत नाही. तिला जमायचं. ती हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन नांदेडला आलेली. नवरा रिक्षा चालवायचा. मुलगी लातूरला क्लासला, होस्टेलवर. बाई पस्तिशी ओलांडलेली, अंगानं थोडी जड, बोलणं गावचंच. गावाकडची माणसं तिच्यापुढे गादीवर मोकळी होऊन बसायची.

"बोला ताई," मी म्हणाले.

तिनं आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "मला काम सोडायचं न्हाई, अक्का. म्हणूनच फोन केलाय."

हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं. आमच्याकडे त्रास झाला की माणसं काम सोडून जातात. सोडताना घरगुती कारण सांगतात. राहायचंय म्हणून तक्रार करणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिची तक्रार नांदेडच्या मॅनेजरबद्दल होती. एकदा एक डॉक्टरांचं कुटुंब बस्त्याला आलं होतं. त्यांच्या सुनेनं विचारलं, याच काठात दुसरा रंग आहे का, आणि ही म्हणाली, "हाव, हाय की." सून आणि तिची नणंद एकमेकींकडे बघून हसल्या. मॅनेजर मागेच उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "आमच्या या बाईला भारी हाव आहे हो, सांभाळून घ्या." सगळे हसले. गादीवरची गिऱ्हाइकं हसली, काउंटरच्या पोरी हसल्या. तिच्या गावाला 'हाव' म्हणजे 'हो', आणि पुस्तकी मराठीत 'हाव' म्हणजे अधाशीपणा. त्या दिवसापासून तिचं नाव 'हाव' पडलं. मॅनेजर माईकवरून बोलवायचा, "हावबाई, पहिल्या मजल्यावर या." ती डबा खायला बसली की, "हाव भागली का?" तिच्यासारखा हेल काढून बोलून दाखवायचा. त्याला नक्कल छान यायची.

"मी एकदा त्यान्ला सांगितलं अक्का, की सर, गिऱ्हाइकासमोर नका ना बोलू. तर दुसऱ्या दिवशी मला गादीवरून उठवलं. खाली गोदामात घातलं, अस्तराचे तागे मोजायला. तिथं पंखा न्हाई. पाय सुजले म्हणून गठ्ठ्यावर टेकले, तर फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'महाराणी' लिहिलं खाली."

"हे केव्हापासून चाललंय?"

"दिवाळीच्या आधीपासून. मी सोसलंच होतं की. पण ग्रुपवर व्हिडिओ फिरला, सर माझी नक्कल करतात अन् सगळे हसतात तो. तो माझ्या पोरीपर्यंत गेला. तिच्या होस्टेलमधल्या कुणाची तरी बहीण आपल्या दुकानात हाय. पोरीनं फोन केला. मला वाटलं पोरगी चिडंल. तर ती म्हणाली, मम्मी, तू नीट बोलत जा ना. माझ्या मैत्रिणींशी तर बोलूच नको."

यानंतर ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग म्हटलं, आता अक्कांना फोन करावा."

मी संध्याकाळी अप्पांकडे गेले. अप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. कपाळावर सकाळचं भस्म थोडं पुसट झालेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "त्यात तसलं काही नाही ना?"

"नाही अप्पा. तसलं काही नाही."

"मग समितीचा काय संबंध?"

"समितीचा नसेल. पण फोन मला आलाय."

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. ते वाईट माणूस नाहीत. नांदेडचं दुकान बुडायच्या बेताला आलं होतं तेव्हा या मॅनेजरनं ते सावरलं, हे त्यांच्याइतकंच मलाही ठाऊक होतं. लॉकडाऊनमध्ये त्यानं एकाही माणसाला घरी बसवू दिलं नव्हतं. फोनवर साड्या दाखवून, स्वतः पार्सलं पोचवून त्यानं दुकान चालू ठेवलं.

"तो माझा उजवा हात आहे," अप्पा म्हणाले. "थट्टामस्करी कुठे चालत नाही? जा तुम्ही, दोघांना समोरासमोर बसवा, चहा पाजा, मिटवा."

"समोरासमोर लगेच नाही बसवत. आधी सगळ्यांशी वेगवेगळं बोलते. आणि माझं होईपर्यंत तुम्ही त्याला फोन करायचा नाही."

अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी त्यांच्याशी असं कधी बोलत नाही. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नांदेडला गेले. दुकानात पोचले तेव्हा मॅनेजर दारातच होता. माझी पिशवी घेतली, उसाचा रस मागवला. मी का आलेय ते मी त्याला उभ्याउभ्याच सांगितलं, कारण त्याला ते दुसऱ्याकडून कळणं बरं नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. तुमचंही ऐकणार आहे. पण आधी बाकीच्यांशी बोलते. तोवर बाईंना काही बोलायचं नाही, आणि त्यांच्याबद्दल कोणाला काही विचारायचं नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकच विचारलं, "कोणी केली?" पण बाई म्हटल्यावर कोण ते त्याला कळलंच होतं.

मॅनेजरची केबिन काचेची, तिथे बसलं की सगळ्या दुकानाला दिसतं. म्हणून मी वरच्या मजल्यावरची फॉल-पिकोची खोली घेतली. मशीनवरच्या बाईला त्या दिवसापुरतं खाली बसवलं. खोलीत दोऱ्याची रिळं, अर्धवट फॉल लावलेल्या साड्या आणि दोन स्टुलं. एकेकाला बोलावलं.

काउंटरवरची पहिली मुलगी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सर लई चांगले हायत."

"असतील. मजाक करतात का?"

"करतात. सगळ्यांचीच करतात."

"तुमची कधी केली?"

ती विचारात पडली. "माझी... न्हाई केली."

दुसरी म्हणाली, बाई जरा हळव्या आहेत, मनाला लावून घेतात. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, हसत-खेळत वातावरण असतं आमचं, दुसऱ्या दुकानात जाऊन बघा, माणसं तोंड शिवून उभी असतात. खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाला जे दिसलं ते तो सांगत होता आणि त्यात ती बाई कुठेच नव्हती. 'आम्ही हसलो' एवढंच होतं.

व्हिडिओ काढणारी मुलगी वयानं लहान होती. तिनं विचारायच्या आधीच सांगितलं की तो तिनंच काढला. "मला वाटलं भारी हाय. सरांची ॲक्टिंग भारी हाय ना." मग खाली बघून म्हणाली, "बाई त्याच्यात कोपऱ्यात दिसतात. मी काढताना बघितलंच नव्हतं. नंतर बघितलं."

"काय दिसलं?"

"त्याबी हसतात. पण हातातली साडी घडी करून राहिल्या, अन् घडी झालेलीच हाय. परत उलगडतात, परत घालतात."

दुपारनंतर पॅकिंगचे चाचा आले. दुकान उघडलं तेव्हापासूनचे, पिकलेली दाढी, नमाजाची वेळ सांभाळून काम करणारे. स्टुलावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी पण हसलो," ते म्हणाले. "झूठ कशाला बोलू. सगळे हसले अन् आपण न्हाई हसलं, तर साहेबांची नजर आपल्यावर येते. मग पुढचा नंबर आपला."

"नंबर लागतो का?"

"लागतोच की. हिच्या आधी तो शर्टिंगवाला होता. अडखळत बोलायचा तो. साहेब त्याच्यासारखे अडखळून दाखवायचे. लई हसायचे लोकं. तो गेला सोडून, मग हिचा नंबर आला."

शर्टिंगचा तो माणूस मला आठवत होता. त्यानं काम सोडताना घरगुती कारण सांगितलं होतं. मी तेव्हा विचारलं होतं आणि त्यानं तेच पुन्हा सांगितलं होतं. चाचांकडून कळलं की तो आता नायगावला एका दुकानात आहे. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "जाऊ द्या अक्का, मी विसरलो ते." आणि मग बराच वेळ बोलत राहिला. मध्ये मध्ये शब्द अडकायचा, मी थांबायचे. शेवटी म्हणाला की इथलं दुकान लहान आहे, पगार कमी आहे, पण इथला मालक वाक्य पुरं होऊ देतो.

संध्याकाळी मी काचेच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर बेजार होऊन बसला होता. दिवसभर वर काय चाललंय याचा विचार करून त्याचा चेहरा काळवंडला होता. मी त्याला तक्रार जशीच्या तशी सांगितली. नावापासून गोदामापर्यंत, फोटोपासून व्हिडिओपर्यंत.

"मी तिला हात लावला का अक्का? शिवी दिली? पगार कापला?"

"नाही."

"मग? तिला कामावर घेतलं कोणी? मी. तिच्या पोरीला डेंग्यू झाला तेव्हा महिनाभर रजा दिली, दुसऱ्यांच्या शिव्या खाऊन दिली. विचारा तिला."

"विचारलं. सकाळीच, वरच्या खोलीत. ती म्हणाली, खरंय. सरांनी लई मदत केली."

तिनं नाही म्हटलं असतं तर त्याला बोलता आलं असतं. मग तो एकदम म्हणाला, "राजीनामा देतो मी. इतक्या वर्षांत कोणी बोट दाखवलं नाही. एका बाईच्या..." आणि थांबला.

"एका माणसाचं नाहीये हे," मी म्हणाले, आणि शर्टिंगवाल्याचं सांगितलं.

त्या रात्री मी नांदेडला बहिणीकडे राहिले. सकाळी दुकानात गेले तर तो आला नव्हता. अप्पांचा फोन आला, त्यानं राजीनाम्याचं त्यांना कळवलं होतं. अप्पा चिडले होते. लग्नसराई तोंडावर आलेली. म्हणाले, "अक्का, मिटवायला पाठवलं होतं तुम्हाला, पेटवायला नाही."

मी म्हणाले, "अप्पा, दोन दिवस द्या."

मग मी बाईला वरच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय. असं विचारलं की माणसं एकतर 'काही नको' म्हणतात नाहीतर 'त्याला काढा' म्हणतात. तिनं विचार करून ठेवलेला होता.

"सरांना काढू नका. त्यांचंबी घरदार हाय. मला माझी गादी परत पाहिजे. अन् जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले ना, मग चुकलं हेबी सगळ्यांसमोर म्हणावं. तुमच्या खोलीत बोलावून माफी मागितली तर मला नको. खोलीत त्यांनी मला काहीच केलं नव्हतं."

दुपारी मी मॅनेजरच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं. घरात त्याची आई होती, लोह्याहून आलेली, तिचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. तो तिच्या डोळ्यांत औषध घालत होता. "वर बघ माय," म्हणत होता, "हाव, तसंच. झालं, झालं." मला बघून तो उठला. गेले दोन दिवस जो शब्द मी ऐकत होते तो त्याच्या तोंडून इतका सहज आला होता की त्यालाही ते जाणवलं असावं. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो.

मी काही विचारलं नाही. तोच बोलला. शिक्षण सोडून तो पुण्याला एका कापड दुकानात लागला होता. पहिल्याच आठवड्यात एका बाईला म्हणाला, "हा रंग लई भारी दिसंल तुम्हाला." ती बाई हसली. मालकाचा मुलगा म्हणाला, "याला आत ठेवा, माल उचलायला. तोंड उघडू देऊ नका." वर्षभर तो आत राहिला. खोलीवर आला की आरशासमोर उभा राहून बोलायची सवय करायचा. 'लई'चं 'खूप', 'हाय'चं 'आहे'. सोबतची पोरं त्यालाही हसायची.

"त्या दिवशी ती डॉक्टरांची सून हसली ना," तो म्हणाला, "मला वाटलं मलाच हसली. वाटलं, त्यांच्या आधी आपणच हसून घ्यावं. निदान दुकानाची इज्जत राहील. मी बोललो आणि सगळे हसले. वातावरण हलकं झालं. बस्ताही झाला. मग पुन्हा केलं. पुन्हा हसले. माणसाला सवय लागते अक्का, हसवायची."

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरुण वयात आरशासमोर उभा राहून स्वतःच्या आईची भाषा पुसणारा तो मला दिसत होता. पण मी गोदामही पाहून आले होते. तिथे खरंच पंखा नव्हता.

"तुम्हाला आत ठेवलं होतं ते तुम्ही अजून विसरला नाहीत," मी म्हणाले. "तिलाही तुम्ही आत ठेवलंत."

आतून आईनं विचारलं, कोण आलंय. तो म्हणाला, दुकानातल्या अक्का. मग मला म्हणाला, "काय करू?"

मी बाईचं म्हणणं सांगितलं. खोलीत माफी मागायला तो लगेच तयार झाला. सगळ्यांसमोर म्हटल्यावर मान हलवली. "मग माझं कोण ऐकेल? उद्या एखाद्याला रागवायचं झालं तर?"

"कामाचं रागवा. कोणाचं बोलणं, चालणं, गाव, अंग, हे काम नाही."

"विचार करतो."

अप्पांना पटवणं त्याच्यापेक्षा अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, मॅनेजरला माणसांसमोर मान खाली घालायला लावली तर दुकानाची शिस्त जाते. मी म्हणाले, "शिस्त म्हणजे काय अप्पा? आत्ता सगळे हसतात ते शिस्तीत हसतात. न हसायची भीती वाटते म्हणून हसतात." अप्पांनी फोनवर शर्टिंगवाल्याचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "शर्टिंगच्या पोराचं मला का नाही कळलं?" मी म्हणाले, मलाही नव्हतं कळलं. त्यांनी मॅनेजरला स्वतः फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही.

पुढच्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. आमच्याकडे शटर वर करायच्या आधी सगळे गल्ल्यापुढे जमतात, देवाला उदबत्ती लावतात, मग कामाला लागतात. उदबत्ती झाल्यावर त्यानं सगळ्यांना थांबायला सांगितलं. माईक हातात घेतला आणि परत ठेवला.

"माझ्याकडून थट्टामस्करीत कोणाचं मन दुखलं असेल तर—"

"कुणाचं न्हाई, सर," ती मागून म्हणाली. "माझं."

आवाज मोठा नव्हता. पण तेव्हा शटर बंद असल्यानं रस्त्याचा आवाज आत येत नव्हता, सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं, आता तो निघून जाईल. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही.

"तुमचं," तो म्हणाला. "तुमचं मन दुखावलं मी. तुमच्या बोलण्याची नक्कल केली, गिऱ्हाइकांसमोर केली. तुम्ही नको म्हणालात तर गोदामात घातलं. ते चुकलं. तुमच्या आधी एक जण होता, त्याच्याबाबतीतही चुकलं. त्याला मी फोन करणार आहे."

सगळ्यांच्या माना खाली. चाचा तेवढे वर बघत होते. आता ती 'असू द्या सर' म्हणेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. आपल्याकडे तसंच म्हणतात, म्हटलं नाही तर माणूस गर्विष्ठ ठरतं.

ती म्हणाली, "ठीक हाय. ऐकलं मी."

आणि वर जाऊन गादीवरची चादर झटकून अंथरायला लागली.

इथे सगळं संपलं असं मी लातूरला परतताना धरलं होतं. तसं झालं नाही. तिची गादी तिला मिळाली, गोदामात पंखा लागला, ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला लावला. पण तो कोणाकोणाच्या फोनात राहिला असेल ते देव जाणे. दुकानातल्या पोरींनी तिच्याशी बोलणं कमी केलं. सरांना तिच्यामुळे सगळ्यांसमोर माफी मागावी लागली, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. आपण हसलो होतो, याची लाज त्यांना तिच्याकडे बघितलं की वाटत असेल, आणि ज्याच्याकडे बघून लाज वाटते त्याला माणूस टाळतं. ती डबा एकटी खायची. हे मला चाचांनी फोनवर सांगितलं, तिनं नाही.

मी मधूनमधून कारण काढून जात राहिले. एकदा गेले तर व्हिडिओ काढणारी मुलगी तिच्याशेजारी डबा उघडून बसली होती. दोघी बोलत नव्हत्या. मुलीनं लोणच्याची बरणी मधे ठेवली होती. पुढच्या खेपेला आणखी एक जण होती आणि त्या बोलत होत्या, कोणाच्या तरी सासूबद्दल.

मॅनेजरचं मात्र दुकानात मन लागेना. त्यानं कोणाची थट्टा केली नाही, पण त्याला काही बोलताच येईना. हसवणं हीच त्याची माणसांशी बोलायची रीत होती, ती गेल्यावर तो मुका झाल्यासारखा झाला. लग्नसराई संपल्यावर त्यानं स्वतःच अप्पांकडे लातूरला बदली मागितली. आता तो दोन्ही दुकानांच्या खरेदीचं बघतो. सुरतेला जातो, इरकलसाठी कर्नाटकात जातो, कापडाला हात लावून धागा सांगतो. तिथे तो सुखी दिसतो. त्याच्या हाताखाली फारशी माणसं नसतात, आणि मला वाटतं ते त्यालाही बरं वाटतं. नायगावच्या त्या माणसाला त्यानं खरंच फोन केला होता. तो माणूस परत आला नाही. त्याला परत यायचं नव्हतं.

अप्पांच्या सांगण्यावरून मी दोन्ही दुकानांसाठी एक छोटा नियम लिहून फलकावर लावला, की कोणाच्या बोलण्यावरून, गावावरून, अंगावरून थट्टा करायची नाही. त्यात अप्पांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की हे मालकालाही लागू आहे. अप्पांना स्वतःला कोणाला तरी टोपणनावानं हाक मारायची सवय होती, ती त्यांनी बंद केली. निदान माझ्यासमोर तरी.

तिची मुलगी लातूरलाच आहे. एका रविवारी आई तिला भेटायला आली तेव्हा मी दोघींना घरी जेवायला बोलावलं. जेवताना मुलगी आईला एकदा दुरुस्त करायला गेली, 'न्हाई' नव्हे गं, 'नाही'. आई भाकरी मोडत राहिली. मुलगीच ओशाळली. निघताना चपला घालायला मुलगी आईचा हात धरून खाली वाकली. त्यांच्यात काय चाललंय ते मला कळलं नाही, आणि ते माझं कामही नव्हतं.

परवा नांदेडला गेले होते. तिच्या गादीवर मोठा बस्ता चालू होता, सीमेपलीकडची माणसं, निम्मी तेलुगू बोलणारी. ती दोन्हीकडे बोलत होती. नवरीची आजी एका साडीवर अडून बसली होती आणि नवरीला ती नको होती. खरेदीचे नमुने दाखवायला तो जुना मॅनेजरही त्या दिवशी तिथे आला होता, खाली काउंटरपाशी उभा होता. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "अजून राग आहे का त्यांचा?"

"राग न्हाई अक्का. ते आता चांगलं बोलतात, मीबी बोलते. पण जिन्यावर त्यांच्या पायांचा आवाज आला की मी झालेलीच घडी परत घालायला लागते. ते काही जात न्हाई."

"जाईल हळूहळू."

"जाईल नाहीतर राहील," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि आजीसमोर जाऊन बसली. आजीला तिनं विचारलं, तुमच्या लग्नात कुठल्या रंगाची साडी होती. आजी सांगायला लागली. नवरी पहिल्यांदा मान वळवून आजीकडे बघायला लागली.